भुकेल्या माणसाचं जेवण होईपर्यंत

जूनच्या अंकात लिटल बिगहॉर्नच्या लढाईवर माझं एक पान आलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २५ जून १८७६ रोजी आजच्या माँटाना राज्यात लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर सातव्या घोडदळासह लकोटा आणि शायेन या तिथल्या मूळ जमातींच्या एका मोठ्या तळावर चालून गेला. त्याच्याबरोबरच्या तुकडीतली सुमारे २१० माणसं त्या दुपारी संपली. त्यांत तो स्वतः होता, त्याचे दोन सख्खे भाऊ, एक भाचा आणि एक मेहुणाही होता. त्या पानावर एवढी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलं.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही आठ वर्षं बिलिंग्जला होतो. तिथून ती रणभूमी मोटारीने तासाभरावर. पाहुणे आले की आधी यलोस्टोन आणि परतीच्या वाटेवर हे माळरान असा ठरलेला फेरा असायचा, त्यामुळे दहा-बारा वेळा तरी जाणं झालं. माझं भांडवल तेवढंच, शिवाय तिथल्या सार्वजनिक वाचनालयात घालवलेल्या लांबलचक हिवाळ्यांचं.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की कस्टरचे सोनेरी लांब केस वाऱ्यावर उडत होते. मोहिमेवर निघण्याआधी त्याने केस कापले होते, असं मी वाचलं आहे. खरं काय? (एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली)

सर, तुमचं बरोबर, माझं चूक. केस बारीक कापलेले होते. मी सिनेमातलं चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहून गेले. लकोटा त्याला ‘पेहीन हान्स्का’ म्हणत, म्हणजे लांब केसांचा, आणि नेमके तेच केस त्या दिवशी डोक्यावर नव्हते. कान पकडते. पण या चुकीतूनच पुढच्या प्रश्नाकडे वाट जाते.

प्रश्न : मग कस्टरला मारलं तरी कोणी? दीड-दोन हजार माणसं लढली आणि एकालाही छातीठोकपणे सांगता येऊ नये, हे पटत नाही. (नागपूर)

हाच प्रश्न लढाईनंतरची पन्नास वर्षं लष्करी अधिकारी, वार्ताहर आणि हौशी संशोधक विचारत राहिले. आणि समोरच्या म्हाताऱ्या योद्ध्याला बहुतेक वेळा प्रश्नाचा रोखच कळत नसे. कस्टर आलाय हेच तळावर कुणाला ठाऊक नव्हतं. आठच दिवसांपूर्वी, १७ जूनला, रोझबड ओढ्यावर जनरल क्रुकच्या फौजेशी त्यांची गाठ पडली होती. तेच शिपाई फिरून आले असावेत, असा पुष्कळांचा समज झाला. त्यात उन्हाळ्याची दुपार, घोड्यांनी उडवलेली धूळ, बंदुकीच्या दारूचा धूर. त्या गर्दीत निळ्या कपड्यातला बारीक केसांचा एक माणूस कोण ओळखणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या सांगण्याच्या रीतीत आहे. आपण स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. पराक्रम सांगायचा तर पाहणारा साक्षीदार उभा करायचा. खोटं सांगणाऱ्याची भर सभेत नाचक्की व्हायची. त्यामुळे दक्षिणेकडे कस्टरच्या हाताखालच्या मेजर रीनोच्या तुकडीशी लढलेला माणूस उत्तरेच्या टेकडीवर काय झालं याबद्दल तोंड उघडत नसे. गोरे अधिकारी अशा तीस-चाळीस जबान्या शेजारी शेजारी ठेवत, त्या जुळत नाहीत म्हणून वैतागत आणि ‘इंडियनांच्या बोलण्याला ताळतंत्र नाही’ असं लिहून मोकळे होत. आणखी एक अडचण होती. शरण आलेल्या माणसाला फासाची धास्ती असे. समोर गणवेशातला माणूस बसलेला असताना तो कितपत खरं बोलेल?

वुडन लेग नावाच्या शायेन माणसाची हकिकत घ्या. लढाईच्या वेळी तो १८ वर्षांचा होता. पुढे म्हातारपणी, १९२०च्या दशकात, त्याने ती थॉमस मार्क्विस नावाच्या डॉक्टरला सांगितली, तीही बरीचशी हातांच्या खुणांच्या भाषेत. आदल्या रात्री तळावर नाच होता, हे पोरगं रात्रभर जागलेलं. सकाळी भावाबरोबर नदीत डुंबून तो झाडाखाली झोपला आणि गोळीबाराच्या आवाजाने जागा झाला. धावत घरी आला तर वडिलांनी घोडा तयार ठेवलेला. आणि या मुलाने काय करावं? ठेवणीतले कपडे काढले. नवी विजार, मण्यांचे मोकासिन जोडे, चेहऱ्याला रंग. केसांच्या वेण्या घालायला बसणार तेवढ्यात वडील ओरडले, ‘आवर लवकर’, तेव्हा चामड्याच्या वादीने केस नुसते मागे बांधून तो निघाला. अंगावर चांगले कपडे असले की गोळी लागत नाही, असं काही त्याला वाटत नव्हतं, हे त्याने मुद्दाम स्पष्ट केलं आहे. मरण आलंच तर महान आत्म्यापुढे नीटनेटकं जावं, एवढ्यासाठी तो खटाटोप.

लष्कराच्या चौकशीत हा तपशील कुठेच येत नाही, कारण तो कुणी विचारलाच नाही. मला मात्र त्या दुपारबद्दल सगळ्यात जास्त याच गोष्टीतून समजलं.

आता नावांकडे येते. व्हाइट बुल हा लकोटांच्या मिनिकोंजू शाखेतला, प्रसिद्ध लकोटा नेता सिटिंग बुलचा भाचा. तो एका शिपायाशी हातघाईवर आला आणि झटापटीत त्याला मारलं, असं तो सांगत असे. तो शिपाई म्हणजे कस्टर, हा दावा छापून आला १९५७ साली, व्हाइट बुलच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्याच्या चरित्रकाराच्या लेखणीतून. मी तो धरत नाही. शायेन लोकांनी २००५मध्ये जाहीरपणे दुसरीच गोष्ट सांगितली. बफेलो काफ रोड वुमन या बाईने कस्टरला घोड्यावरून खाली पाडलं, आणि आपण हे शंभरावर वर्षं आपल्यातच ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. ही बाई ऐकीव दंतकथेतली नव्हे. रोझबडच्या लढाईत तिच्या भावाचा घोडा पडला, तेव्हा ती गोळ्यांच्या माऱ्यात घोडा घालून गेली आणि त्याला आपल्यामागे बसवून परत आणलं. क्रुकच्या अहवालातली ती ‘रोझबडची लढाई’ शायेन लोकांच्या तोंडी ‘मुलीने भावाला वाचवलं ती लढाई’ अशी आहे.

आणखी एक गोष्ट केट बिगहेड या शायेन बाईने सांगितली. १८६९च्या वसंतात कस्टरने शायेन प्रमुखांबरोबर पवित्र बाणांखाली बसून चिलीम ओढली होती, तेव्हा त्याला बजावलं होतं की शब्द मोडलास तर मरशील. लढाईनंतर दोन शायेन बायकांनी त्याचं प्रेत ओळखलं आणि शिवणाची आरी त्याच्या दोन्ही कानांत खुपसली. जिवंतपणी त्याने ऐकलं नाही, तर निदान परलोकात नीट ऐकू यावं म्हणून! हे शब्दशः घडलं की नाही, यावर भांडणारे भांडोत. कस्टरकडे शायेन कसे पाहत होते ते यातून कळतं, आणि तुमच्या प्रश्नाचं त्यांच्याकडचं उत्तरही बहुधा इथेच आहे.

लढाई किती वेळ चालली? एका योद्ध्याने सांगितलं, भुकेल्या माणसाला जेवायला लागतो तेवढा वेळ. शंभर वर्षं हे कुणी मनावर घेतलं नाही, कारण गोऱ्यांच्या चित्रांत सैनिक टेकडीवर गोल करून तासन् तास झुंजत होते. १९८३च्या ऑगस्टमध्ये त्या माळाला वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन काडतुसांच्या पुंगळ्या शोधल्या. कुठल्या बंदुकीतून कुठे गोळ्या सुटल्या याचा माग लागला. शिस्तीची फळी लवकरच मोडली होती आणि समोरच्यांकडे एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर बंदुका होत्या. सैनिकांच्या कार्बाइनमध्ये मात्र दर वेळी एकच गोळी भरावी लागे. म्हाताऱ्यांनी जेवणाच्या हिशोबात सांगितलेली वेळ फारशी चुकलेली नव्हती.

प्रश्न : बायका-मुलांना सोबत घेऊन ही माणसं लढाईला का जायची? हा अविचारच नाही का? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

ताई, ती माणसं लढाईला गेली नव्हती. ती घरी होती.

नदीकाठच्या कॉटनवूडच्या झाडांजवळ सुमारे सात हजार माणसांचा तळ पडला होता. दक्षिणेच्या टोकाला हंकपापा ही लकोटांची शाखा, उत्तरेच्या टोकाला शायेन, मधे बाकीच्यांच्या तंबूंची वर्तुळं. रेड हॉर्स नावाचा मिनिकोंजू प्रमुख त्या वेळी चार बायकांबरोबर तळापासून थोड्या अंतरावर रानटी कंद खणत होता. त्यातल्या एकीने धुळीचा लोट दाखवला तेव्हा कळलं. रीनोच्या शिपायांनी पहिला हल्ला केला तो हंकपापांच्या टोकावर. गॉल या हंकपापा योद्ध्याच्या दोन बायका आणि तीन मुलं त्यात मारली गेली.

आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नव्हतं. शायेन माणसाला ‘गोऱ्यांशी युद्ध’ म्हणा, त्याला आधी सँड क्रीक आठवतं. २९ नोव्हेंबर १८६४, कोलोरॅडो. ब्लॅक केटल हा शायेन प्रमुख तह करून, लष्कराच्या सांगण्याप्रमाणे तळ टाकून राहिला होता. त्याच्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा होता, खाली पांढरं फडकंही लावलं होतं. पहाटे कर्नल शिव्हिंग्टनचे सातशेच्या आसपास स्वयंसेवक चालून आले. सुमारे २३० माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. व्हाइट अँटिलोप हा वृद्ध प्रमुख हाताची घडी घालून, मरणगीत म्हणत उभा राहिला: ‘पृथ्वी आणि डोंगर सोडून काहीच फार काळ टिकत नाही.’ सायलस सूल नावाच्या एका कॅप्टनने आपल्या माणसांना गोळी झाडू दिली नाही आणि पुढे चौकशीत साक्ष दिली. १८६५च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. चौकशीत शिव्हिंग्टनवर ठपका आला, शिक्षा कुणालाच झाली नाही.

ब्लॅक केटल वाचला. त्याच्या बायकोला नऊ गोळ्या लागूनही ती वाचली. चार वर्षांनी, २७ नोव्हेंबर १८६८ रोजी, वॉशिटा नदीकाठी बर्फात पुन्हा पहाटे हल्ला झाला आणि या वेळी दोघंही मारले गेले. त्या वेळी सैन्याचा प्रमुख होता कस्टर. त्याने ५३ बायका-मुलं कैद केली आणि तळावरचे आठशेहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले. केट बिगहेड त्या तळावर होती. आठ वर्षांनी लिटल बिगहॉर्नलाही होती.

तेव्हा २५ जूनला तिने काय केलं ते ऐका. ती घोड्यावर बसून लढाईच्या कडेकडेने फिरत होती, आपला भाचा नॉइझी वॉकिंग याला शोधत. लढणाऱ्या पोराला धीर यावा म्हणून घरच्या बाईने लांबून गाणी म्हणायची अशी त्यांच्यात पद्धत. गर्दीत ओळखू यावा म्हणून त्याने गळ्यात लाल रुमाल बांधला होता. तो सापडला तो जखमी होऊन एका ओघळीत पडलेला, आणि त्याच रात्री गेला.

जिंकल्यावर तळावर जल्लोष झाला असेल, असं आपण समजतो. पण ज्या घरांत माणसं गेली त्यांनी केस कापले, अंगावर जखमा करून घेतल्या, आणि शोक रात्रभर चालला.

पाच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १८७६ला, कर्नल मॅकेन्झीने पावडर नदीच्या रेड फोर्कवर शायेन तळ गाठला. माणसं डोंगरात पळाली, मागे तंबू, पांघरुणं आणि सुकवलेलं मांस सगळं जाळलं गेलं. त्या रात्री आयांच्या कुशीत ११ तान्ही मुलं गारठून मेली. सिटिंग बुल, क्रेझी हॉर्स असली नावं आपण पाठ करतो. पण हे युद्ध सैन्याने हिवाळ्यात घर, घोडे आणि अन्न नष्ट करून जिंकलं, आणि शरण यायची पाळी आली ती त्यामुळे.

प्रश्न : लकोटांची युद्धपद्धती म्हणजे आपला गनिमी कावाच ना? (सातारा)

एका लढाईपुरतं हो म्हणेन. २१ डिसेंबर १८६६, आजच्या वायोमिंगमधला फिल कर्नी किल्ला. लकोटा, शायेन आणि अरापाहो योद्धे टेकडीमागे दबा धरून बसले. थोडेसे स्वार पुढे गेले, घोडा लंगडत असल्याचं सोंग करत, थांबत, चिडवत. कॅप्टन फेटरमन त्यांच्यामागे डोंगराच्या धारेपलीकडे गेला आणि त्याच्यासह ८१ माणसांतलं एकही परतलं नाही. या लढाईला लकोटा ‘हातातले शंभर’ म्हणतात. आदल्या दिवशी बाईच्या वेशात राहणाऱ्या एका पुरुषाने, ज्याला दृष्टान्त होतात असं मानत, घोडा फिरवत शत्रू ‘हातात’ धरून आणले. पहिल्यांदा थोडेच होते, तेव्हा प्रमुखांनी त्याला परत पाठवलं. शेवटी तो म्हणाला, दोन्ही हात भरले, आता धरवत नाहीत.

पण एरवी त्यांची लढाई किल्ले घेण्याची किंवा राज्य वाढवण्याची नव्हती. सगळ्यात मोठा मान शत्रूला मारण्यात नसे, तर तो जिवंत असताना त्याला हाताने किंवा काठीने शिवून परत येण्यात असे. शायेनांमध्ये एका शत्रूवर तिघांना हा मान घेता येई, लकोटांमध्ये चौघांना. लहानपणीच्या शिवाशिवीत जीव पणाला लावल्यासारखं. समोरची फौज तुम्हाला उपाशी मारून संपवायला निघालेली असताना हा खेळ किती महाग पडतो, हे त्यांना १८७६पर्यंत कळून चुकलं होतं.

प्रश्न : लकोटांना लिपी नव्हती. मग त्यांच्या बाजूचा इतिहास तुम्ही कशावरून सांगता? (इतिहासाची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुझा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लकोटा वर्ष मोजतात हिवाळ्यांनी. दर हिवाळ्याला जाणती माणसं बसून ठरवत की सरलेलं वर्ष कशासाठी लक्षात ठेवायचं, आणि त्यासाठी नेमलेला माणूस कातड्यावर एक चित्र काढी. एक वर्ष, एक चित्र. वेगवेगळ्या टोळ्यांची अशी कातडी आज उपलब्ध आहेत. जवळपास सगळ्यांत एक चित्र सारखं सापडतं, ‘तारे पडले’. तो १८३३च्या नोव्हेंबरमधला प्रचंड उल्कावर्षाव. तिथून पुढे-मागे मोजत बाकीची सालं लावता येतात.

आता गंमत बघ. १८७६-७७च्या हिवाळ्यासाठी काय काढलं असेल? आपण म्हणू, कस्टरचा पाडाव. पण छापल्या गेलेल्या नोंदींत त्या वर्षी ‘सरकारने घोडे नेले’ अशी नोंद सापडते. एजन्सीवर, म्हणजे राखीव प्रदेशातल्या सरकारी ठाण्यावर, शांतपणे राहणाऱ्या लकोटांचेही घोडे सैन्याने त्या शरदात काढून घेतले होते. ज्यांनी ते वर्ष जगलं त्यांना लक्षात ठेवण्यासारखं ते वाटलं.

दुसरं साधन म्हणजे हिशोबाच्या वह्या. कातडी दुर्मीळ होत गेली तशी ही माणसं व्यापाऱ्यांच्या, लष्कराच्या जमाखर्चाच्या वह्यांवर चित्रं काढू लागली. त्यातली एक माझ्या मनातून जात नाही. लिटल बिगहॉर्नला सातव्या घोडदळातल्या एका सार्जंटची हजेरीवही हाय बुल या शायेन योद्ध्याच्या हाती आली. तिच्यात मराठी शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा, नावं, कामं, चांगले नेमबाज कोण याची यादी, आणि एका शिपायाने २४ जूनला वाटेत आपली कार्बाइन हरवली अशी तक्रारवजा नोंद. दुसऱ्या दिवशी लढाई झाली. त्याच पानांवर हाय बुलने आपल्या लढायांची रंगीत चित्रं काढली. पाच महिन्यांनी मॅकेन्झीच्या हल्ल्यात हाय बुलही मारला गेला आणि वही पुन्हा सैन्याकडे आली. एकाच कागदावर एकाचं अक्षर आणि दुसऱ्याची चित्रं.

वर ज्याचा उल्लेख आला त्या रेड हॉर्सने १८८१मध्ये, एका लष्करी डॉक्टरच्या विनंतीवरून, शायेन रिव्हर एजन्सीवर लढाईची ४२ मोठी चित्रं काढली. ती आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहेत. त्यांत नुसत्या खुरांच्या ठशांचं पान आहे. नुसत्या मेलेल्या घोड्यांचं पान आहे. उलटेपालटे पडलेले शिपाई, तुटलेले हात-पाय, आणि स्वतःची मेलेली माणसंही. कस्टर कोणता, हे त्यांत शोधून सापडणार नाही. मी पहिल्यांदा छापील प्रत पाहिली तेव्हा घोड्यांच्या पानावरच किती वेळ अडकले!

आणि एक वही मातीत गेली. एमॉस बॅड हार्ट बुल हा ओगलाला शाखेचा लकोटा. लढाई झाली तेव्हा लहान मूल होता. नेब्रास्कातल्या एका दुकानदाराकडून त्याने हिशोबाची जाड वही विकत घेतली आणि म्हाताऱ्यांना विचारून विचारून चारशेवर चित्रं काढली. त्याच्यामागे ती बहिणीकडे आली. एका अभ्यासक मुलीने पानांची छायाचित्रं घेतली म्हणून ती आपल्याला पाहता येतात. १९४७मध्ये बहीण वारली तेव्हा, त्यांच्या रीतीप्रमाणे, वही तिच्याबरोबर पुरली. संग्रहालयवाले हळहळले. मला विचारशील तर वही तिची होती.

एक मात्र ध्यानात ठेव. हे सगळं आपल्यापर्यंत दुभाष्याच्या हातून आलं आहे. मार्क्विस डॉक्टरांच्या डोक्यात बसलं होतं की घाबरलेल्या सैनिकांनी स्वतःलाच गोळ्या घालून घेतल्या, आणि त्यांनी घेतलेल्या जबान्यांत ते जरा जास्तच येतं. इतर शायेनांनी ते मानलं नाही. तेव्हा कोण सांगतंय याबरोबर लिहून कोण घेतंय, हेही पाहायचं.

प्रश्न : कस्टरला वाट दाखवणारे क्रो लोकही इंडियनच होते. ही फितुरी नव्हे काय? (एक मराठी वाचक, न्यू जर्सी)

‘इंडियन’ असा एक समाज होता हे आधी गृहीत धरलंत, म्हणून फितुरी दिसते. क्रो लोकांच्या दृष्टीने घुसखोर होते ते लकोटा. १८५१च्या लारामी तहात पावडर नदीचा मुलूख क्रो लोकांचा मानला होता. पुढच्या काही वर्षांत लकोटांनी त्यांना तिथून मागे रेटलं. मुलूख परत मिळवायला त्यांनी सैन्याचा हात धरला. ज्या माळावर कस्टर पडला तो आज क्रो लोकांच्या राखीव प्रदेशात आहे. लढाई लकोटा-शायेनांनी जिंकली, जमीन क्रो लोकांची राहिली.

आणि मॅकेन्झीने शायेन तळ जाळला तेव्हा त्याच्या वाटाड्यांत लकोटा होते, काही शायेनसुद्धा होते. पोरं उपाशी असताना सैन्याचा शिधा आणि घोडा मिळतो म्हणून गेलेल्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. माझ्याने तो शब्द लिहवत नाही.

प्रश्न : ‘रेड इंडियन’ म्हणणं योग्य की अयोग्य? (पुणे)

नाव माहीत असेल तर नावाने म्हणा. शायेन स्वतःला ‘त्सित्सिस्तास’ म्हणतात, ‘शायेन’ हे शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. लकोटांना ‘सू’ म्हणतात, तेही दुसऱ्यांनीच चिकटवलेलं. आणि ते लिटल बिगहॉर्नला लिटल बिगहॉर्न म्हणत नाहीत, लकोटांना ती ओशट गवताची नदी आहे.

प्रश्न : ब्लॅक हिल्सचे पैसे त्यांना मिळाले, असं ऐकलं. खरं का? (जळगाव)

देऊ केले, घेतले नाहीत. ब्लॅक हिल्स म्हणजे लकोटांच्या मुलखातले डोंगर. १८६८च्या तहात लिहिलं होतं की तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सहीशिवाय जमीन जाणार नाही. १८७४ला कस्टरच्याच मोहिमेत तिथे सोनं सापडलं, १८७६मध्ये ‘सही करा नाहीतर शिधा बंद’ असं सांगून दहातल्या एकाच्या आसपास सह्या मिळवल्या आणि १८७७मध्ये कायदा करून डोंगर घेतले. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह दहा कोटी डॉलरांच्या वर भरपाई ठरवली. लकोटांचं म्हणणं, डोंगर विकायला काढलेच नव्हते. ती रक्कम खात्यात पडून वाढत वाढत शंभर कोटींच्या पुढे गेली आहे, आणि हे लोक राहतात ते देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत.

प्रश्न : पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे डेन्व्हरला जाणार आहोत. रणभूमी पाहावी का? काय चुकवू नये? (नाशिक)

जरूर पाहा. पाणी आणि टोपी घ्या, सावली नाही. पायवाट सोडू नका, रॅटल सापांच्या पाट्या उगीच लावलेल्या नाहीत.

टेकडीवर पांढऱ्या संगमरवरी शिळा विखुरलेल्या दिसतील, सैनिक पडले तिथे १८९०मध्ये रोवलेल्या. शंभरावर वर्षं तिथे फक्त त्याच होत्या आणि जागेचं नावही कस्टरचंच होतं. ते १९९१मध्ये बदललं. योद्धे पडले त्या जागी त्यांच्या घरच्यांनी दगडांचे छोटे ढीग रचून ठेवले होते, त्यांवरून १९९९पासून लाल ग्रॅनाइटच्या शिळा उभ्या राहू लागल्या. पहिल्या दोन शायेनांच्या, लेम व्हाइट मॅन आणि नॉइझी वॉकिंग यांच्या. होय, तोच लाल रुमालवाला. शिळेवर लिहिलंय की तो शायेन जीवनरीतीचं रक्षण करताना इथे पडला. लेम व्हाइट मॅनच्या अंगात सैनिकाचा हिसकावलेला कोट होता, म्हणून धुळीत आपल्याच बाजूच्या एका मिनिकोंजूने शत्रू समजून त्याच्या टाळूची कातडी काढली. या शिळांपाशी कधी कापडाच्या चिंध्या, तंबाखूच्या पुरचुंड्या बांधलेल्या दिसतील. त्यांना हात लावू नका, फोटोही काढू नका.

वेळ असेल तर २१२ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला शायेन प्रदेशात जा. वाटेत बसबी हे छोटं गाव लागतं. १८७७मध्ये उत्तरेच्या शायेनांना आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकलं, तिथे ते तापाने आणि उपासाने मरू लागले, तेव्हा १८७८च्या सप्टेंबरात साडेतीनशेच्या आसपास माणसं घराकडे निघाली. त्यांतल्या दीडशे जणांना नेब्रास्कातल्या रॉबिन्सन किल्ल्याच्या बराकीत कोंडलं. परत दक्षिणेला जायला ते तयार नव्हते, म्हणून अन्न बंद, सरपण बंद. ९ जानेवारी १८७९च्या रात्री ते खिडक्यांतून उड्या मारून बर्फात पळाले. साठच्या वर मारले गेले. त्यांतल्या काहींच्या कवट्या संशोधनासाठी म्हणून संग्रहालयांत गेल्या होत्या. त्या परत मिळवून ऑक्टोबर १९९३मध्ये बसबीला पुरल्या.

दर जानेवारीत शायेन मुलंमुली त्या किल्ल्यापासून बसबीपर्यंत पाळीपाळीने धावत येतात, चारशे मैल. तुम्ही उन्हाळ्यात जाणार, तेव्हा ती दिसणार नाहीत. एका जानेवारीत तिथल्या रस्त्यावर आम्हाला गाडी थांबवावी लागली. बाहेर उणे वीस होतं, पापण्यांवर बर्फ जमलेला असा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा हातात पिसं बांधलेली काठी घेऊन धावत गेला. मागून हळूहळू एक व्हॅन येत होती आणि तिच्यातली आजीबाई खिडकी खाली करून त्याच्यासाठी गाणं म्हणत होती.